आधी खोली, मग पेटी: उभे स्पीकर करणाऱ्या भाच्याला आत्याचे कानमंत्र

चिरंजीव, घरच्या घरी उभे स्पीकर करायचं तुझ्या डोक्यात आलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. करच. माझगावात राहून या कामाला सामान कमी पडलं असं कुणी म्हणू नये. प्लाय आणि लाकूड रे रोडच्या वखारींत, वायर-कंडेन्सर लॅमिंग्टन रोडला, आणि जुनं काही चाचपून बघायचं तर चोरबाजार. सबुरी मात्र घरूनच न्यावी लागते. तुझे आतोबा लाकडाचे आणि मी तारांची, त्यामुळे आमच्या घरात पेटीवरून भांडणं झाली तीसुद्धा शिकण्यासारखी झाली. त्यातलं कामाचं तेवढं खाली लिहिलंय. स्वस्तात चांगला स्पीकर करायचा म्हणजे पैसे कुठे घालायचे नाहीत ते आधी ठरवायचं. ते तुझी खोली ठरवते, कॅटलॉग छापणारा नाही.

१. वूफर बघायला निघण्याआधी टेप घेऊन खोली मोज — १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंती आपण होऊन फुगवतात. तिथेच पेटीतूनही जोर मागितलास, तर गाणं बाजूला राहून खोली घुमायला लागते.

२. २५ हर्ट्झपर्यंत उतरायचा हट्ट धरू नकोस — काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर, त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर आणि बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ वर. आपल्या घरात वाजतं त्यातलं बहुतेक सगळं ५० च्या वरच असतं.

३. स्पीकर जिथे उभे राहणार तिथे तेवढ्याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके आठवडाभर उभे करून ठेव — कपाटाचं दार, गणपतीचा चौरंग की आईचा झाडू, यांतलं काय अडतं ते फुकटात कळतं.

४. जिना मोज, आणि वळण जास्त नीट मोज — १८ मिलिमीटर प्लायची ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट ३० किलोच्या वर भरते आणि आपल्या जुन्या इमारतींत पहिल्याच वळणावर हटून बसते. दुकानातच कापून घे, कापायचे पैसे देताना कुरकुर नको.

५. बसल्यावर तुझा कान जमिनीपासून किती उंचीवर येतो ते बघ आणि ट्विटर तिथेच आण — खुर्चीवर बसणाऱ्याचा साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर येतो. तू मात्र गादीवर तक्क्याला रेलून ऐकणारा, तेव्हा पेटीची उंचीच कमी धर.

मोठ्या आवाजाचं आपल्या मुंबईला वेड जुनं आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर गांधीजी बोलले ते गर्दीच्या टोकापर्यंत पोचलं, ती ध्वनिक्षेपणाची व्यवस्था मोटवाने मंडळींच्या शिकागो रेडिओ कंपनीची होती. पण कर्ण्याचं काम बोलणं लांबवर फेकण्याचं. तुला तीन मीटरवर बसून तंबोऱ्याच्या जवारीतला बारीक फरक ऐकायचाय. लालबागच्या मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत बघून आलास की आठ दिवस काही खरेदी करू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

६. साडेसहा इंची वूफर आणि एक इंची घुमटाचा ट्विटर, पहिल्या जोडीला इतकंच — तिसरा, मधल्या सुरांचा स्पीकर घालून थ्री-वे करायचा मोह होईल, पण एक क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकरांत सुरांची वाटणी करणारं सर्किट, जमवताना माणूस जेवायचं विसरतो, दोन जमवताना घरचे त्याला विसरतात.

७. पाकिटावर पीएमपीओ वॅट दिसले की पाकीट खाली ठेव आणि आरएमएस विचार — पीएमपीओला धड मोजमापच नाही, छापणाऱ्याची हिंमत तेवढी त्यात दिसते. आकडा मोठा, मॅग्नेट छोटा.

८. वॅट मोजण्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघ — ८६ डेसिबलचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ देतो आणि १० वॅटला ९६. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा हजार वॅट कुणासाठी हवेत ते तूच सांग.

९. दुकानदाराकडे एफएस (वूफर आपण होऊन ज्या सुरावर डोलतो तो), क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (त्याच्या लवचिकपणाइतकी हवा, लिटरमध्ये) हे तीन आकडे माग आणि नसतील तर पुढच्या दुकानात जा — ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचं गणित मांडून दिलं, ते या आकड्यांवर चालतं. त्यांच्याशिवाय पेटी करणं म्हणजे गिऱ्हाइकाला न बघता सदरा शिवणं.

१०. छापील आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नकोस, वूफर काही तास वाजवून मोकळा कर आणि मग स्वतः मोज — नवा वूफर ताठ असतो, त्याचा एफएस कागदावरच्यापेक्षा वर दिसतो.

११. दोन्ही वूफर एकाच लॉटचे, एकाच दिवशी घे — 'दुसरा पुढच्या पगाराला' म्हटलंस की दोन भावंडांचे दोन स्वभाव निघतात आणि गायक मधोमध बसायचा सोडून एका बाजूला सरकतो.

१२. कोनच्या कडेचा पट्टा रबराचाच हवा, फोमचा नको — आपल्या दमट हवेत फोमचा काही वर्षांत भुगा होतो, आणि बंदर तर तुझ्या खिडकीतूनच दिसतं.

१३. चोरबाजारात जुना वूफर आवडला तर बोटं कोनवर सगळीकडून सारखी टेकवून हलकेच आत दाब आणि कान लाव — खरखरला तर कॉइल घासतेय. मीटर लावून बघ, ८ ओहमचा वूफर ६ च्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर भाव न करता पुढे चल.

१४. वूफर-ट्विटरवर जेवढे घालशील तेवढेच पेटी आणि क्रॉसओव्हर मिळून बाजूला काढून ठेव — महागडा वूफर हलक्या खोक्यात गेला की खोक्याचाच आवाज करतो.

आता पेटी. इथे घाई करू नकोस, कारण वूफर बदलता येतो, कंडेन्सर बदलता येतो, पण पेटी एकदा चिकटली की चिकटली.

१५. बंद पेटी की हवा खेळती ठेवणाऱ्या नळीची, हे क्यूटीएसला विचार — ०.४ च्या खाली असला तर दोन्ही वाटा मोकळ्या, ०.५ च्या वर गेला तर बंद पेटीच बरी. नळी लावलीस तर डग्गा सुजल्यासारखा ऐकू येईल.

१६. दोन्ही वाटा कागदावर मांडून बघ — समज एफएस ४०, क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस ४२ लिटर. बंद पेटीला साडेसतरा लिटर पुरतात आणि आवाज ७४ हर्ट्झपासून सप्तकामागे १२ डेसिबलने सावकाश उतरतो. नळीच्या पेटीला ३५ लिटर लागतात, ती ४० पर्यंत तग धरते आणि मग सप्तकामागे २४ ने धाडकन खाली येते.

१७. १० बाय १२ च्या खोलीत, भिंतीला खेटून ठेवायचं असेल, तर माझं मत बंद पेटीला — ती सावकाश उतरते तिथेच खोली हात देते आणि दोघांचं जमतं. मोठा हॉल असता तर नळीच सांगितली असती. आतोबा याच्या उलट सांगतील, तेही ऐकून घे आणि मग मी सांगते ते कर.

१८. बंद पेटीत साडेसतरा लिटर सोडून उरलेली खालची जागा फळीने पक्की बंद कर आणि तिथे पाच-सात किलो वाळू भर. कढईत भाजून, गार करून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत — खाली वजन आलं की पेटी कलंडत नाही, आणि ओली वाळू प्लायला आतून कुजवते.

१९. नळीची करणार असशील तर आतून १७ सेंटीमीटर रुंद, २५ खोल आणि ८६ उंच धर — साडेछत्तीस लिटर होतात, आडव्या पट्ट्या, नळी आणि वूफरचा मागचा भाग यांनी दोनेक लिटर खाल्ले की उरतात ते हवे तेवढेच.

२०. नळी पीव्हीसीच्या पाइपची, आतून ७ सेंटीमीटर व्यासाची. ३५ लिटर आणि ४० हर्ट्झला लांबी साडेपंधरा सेंटीमीटर येते, पण तू आधी १८ ची कापून लाव — मोजत मोजत तासता येते. कापलेली नळी रडून वाढत नाही.

२१. नळीचं तोंड पेटीच्या उंचीच्या मध्यावर आण — ८६ सेंटीमीटर उंचीच्या पेटीत २०० हर्ट्झच्या आसपास एक लाट वर-खाली अडकून बसते. तिचा दाब दोन टोकांना सगळ्यात जास्त आणि मध्यावर जवळपास शून्य असतो, म्हणून मधल्या तोंडातून ती बाहेर पडत नाही.

२२. नळीच्या दोन्ही टोकांच्या कडा कानशीने गोल कर — धारदार कडेवरून हवा फुसफुसते, आणि ते नेमकं शांत आलापात ऐकू येतं.

२३. एमडीएफ नको, प्लाय घे. दुकानात बीडब्ल्यूआर म्हण, आणि शीटवर आयएस ३०३ चा शिक्का बघ — आयएस ७१० चा मरीन प्लाय त्याहून दणकट, पण स्पीकरला तेवढ्याची गरज नाही. एमडीएफ कोरड्या हवेत उत्तम, आपल्याकडे त्याची उघडी कड पावसात पाव होते. आषाढ सोसला तो प्लाय, बाकीचा पुठ्ठा.

२४. शीट विकत घेताना कडेला नख लावून बघ आणि मुठीने ठोकत जा — आतल्या थरांत पोकळी असेल तिथे आवाज बदलतो. दुकानदार हसेल, हसू दे.

२५. माप मिलिमीटरमध्ये लिही आणि सुताराशी सुतातही बोलून घे — तो १८ मिलिमीटरला सहा सूत म्हणतो, पण सहा सूत म्हणजे १९. हा एकेक मिलिमीटर चार फळ्यांना साठला की झाकण बसत नाही. प्लायसुद्धा १८ सांगून साडेसतरा निघतो, म्हणून कापायच्या आधी प्रत्यक्ष जाडी मोज.

२६. कापण्याचा नकाशा घरी काढून ने: चारही बाजू एका ओळीत, पुढच्या-मागच्या फळ्या दुसऱ्या ओळीत, झाकणं-तळ आणि आडव्या पट्ट्या उरलेल्यात — दोन्ही पेट्या एका शीटमध्ये बसतात. करवतीच्या पात्याचे तीन-तीन मिलिमीटर धरायला विसरू नकोस.

२७. सारख्या मापाचे तुकडे यंत्राचं माप न हलवता एका दमात कापून घे — माप अर्धा मिलिमीटर चुकलं तरी सगळ्या तुकड्यांचं सारखंच चुकतं, आणि पेटी गुण्यात उभी राहते.

२८. भोकं आधी, जोडणी मग — जोडलेल्या पेटीवर जिगसॉ धरताना हात वाकडा होतो आणि भुसा आत राहतो. आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून वूफर बसवून बघ.

२९. वूफरच्या भोकाची आतली कड पटाशीने तिरकी कर — १८ मिलिमीटरची भिंत कोनच्या पाठीला इतकी जवळ येते की वूफरला श्वास घेता येत नाही. स्क्रूच्या जागा मात्र शाबूत ठेव.

३०. पेटीच्या आत आडव्या पट्ट्या घाल, पण अंतर सारखं ठेवू नकोस — बाजूच्या फळीचे सगळे तुकडे सारख्या लांबीचे झाले की ते एकाच सुरात गुणगुणतात.

३१. फेव्हिकॉल कंजूषपणे लावू नकोस, दाबल्यावर कडेने जरा बाहेर यायलाच हवा — १९५९ पासून मुंबईचे सुतार त्यावर विसंबलेत ते जाहिराती बघून नव्हे. ओल्या फडक्याने लगेच पूस, वाळलेल्या डागावर पॉलिश धरत नाही.

३२. क्लॅम्प लावले की लगेच दोन्ही कर्ण मोज — दोन्ही सारखे आले तर पेटी गुण्यात. सुतार घाईत तर गुण्या खिशात, हे लक्षात ठेव आणि त्याला चहा पाज.

३३. पुढच्या फळीच्या उभ्या कडा निदान १२-१५ मिलिमीटर गोल कर — धारदार कडेवरून आवाज दुसऱ्यांदा निघतो. हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांची खोकी वाजवून दाखवलं की गोल चेंडूचा आवाज सगळ्यात सरळ येतो. चेंडू तुला जमणार नाही, कडा जमतील.

३४. वूफर लाकडी स्क्रूने पिळू नकोस, मागून टी-नट ठोक — क्रॉसओव्हर जमेपर्यंत तो पुन्हा पुन्हा काढशील, आणि प्लायमधलं स्क्रूचं भोक तेवढा दम धरत नाही.

३५. पेटी बंद झाल्यावर बारीक आवाजात खालचा सूर वाजत ठेव आणि सांध्यांजवळून उदबत्ती फिरव — धूर थरथरला तिथे फट आहे. डोळ्याला चुकलेली फट कानाला सापडते, पण ती पॉलिशनंतर सापडते.

३६. आत कापूस भरू नकोस, उशीत घालतात ते पॉलिएस्टरचं फायबर भर — कापूस पावसात ओल धरतो, मग बुरशी आणि मग वास. बंद पेटीत लिटरला ८-१० ग्रॅम मोकळं पिंजून भर. नळीच्या पेटीत भिंतींना अस्तर दे, उंचीच्या मध्यावर जरा जास्त, आणि नळीचं तोंड मोकळं ठेव.

३७. सनमायका किंवा व्हिनियर लावणार असशील तर फळीच्या आतल्या बाजूलाही सीलरचे दोन हात दे — एकाच बाजूने ओल शोषली की फळी वाकते.

तारांकडे येऊ. इथे आतोबांचं काही ऐकू नकोस.

३८. लॅमिंग्टन रोडवर तयार क्रॉसओव्हर मिळतो तो तिथेच राहू दे — तो 'कुठल्याही' वूफरसाठी असतो. वूफर ८ ओहमचा म्हटला तरी प्रत्येक सुराला त्याचा रोध निराळा, त्यामुळे तयार पट्टी नेमकी कुणालाच बसत नाही.

३९. वूफर-ट्विटरची वाटणी २ ते २.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान कर आणि दोघांची केंद्रं एकमेकांपासून १४ सेंटीमीटरच्या आत ठेव — २.५ किलोहर्ट्झची लाट तेवढीच लांब असते. केंद्रं त्याहून दूर गेली की उभं राहिल्यावर एक आवाज आणि बसल्यावर दुसरा.

४०. ट्विटरला त्याच्या एफएसच्या दुपटीच्या वरच काम दे — खाली ओढलास तर तो आधी चिरकतो आणि मग कायमचा गप्प होतो.

४१. अरुंद फळीला एक खोड असते ती लक्षात ठेव: २०-२१ सेंटीमीटर रुंद पेटीत ५५० हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज मागे वळतो आणि पुढे ६ डेसिबलपर्यंत कमी पडतो — क्रॉसओव्हरमधली वूफरची कॉइल वाढवून ते भरून काढतात. पण तुझी पेटी भिंतीजवळ असणार, तिथे ३-४ डेसिबलच भर. भिंत उधार आवाज देते, व्याज शेजारी वसूल करतो.

४२. ट्विटरच्या वाटेवरचा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीनचा घे, आणि परवडत नसेल तर पंख्याचा घे — पंख्याचे २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीनचेच असतात आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. समांतर जोडले की बेरीज होते: अडीच आणि चार, साडेसहा.

४३. वूफरची कॉइल जाड तारेची, १८ गेजची, हवेवर गुंडाळलेली कर — बारीक तारेचा रोध वाढतो, तो वूफरचा क्यूटीएस वाढवतो, आणि पेटीसाठी केलेलं गणित वाया जातं.

४४. दोन कॉइली शेजारी ठेवायच्याच झाल्या तर एक आडवी आणि एक उभी ठेव — सारख्या दिशेने ठेवल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. १० वॅटचे सिमेंटचे रेझिस्टर फायबरला टेकवू नकोस, ते तापतात.

४५. वूफरचं अधिक-उणे दीड व्होल्टच्या सेलने तपास: अधिकला अधिक लावलं की कोन बाहेर येतो — एक वूफर उलटा जोडला गेला की डग्गा गायब होतो आणि लोक अॅम्प्लिफायरला दोष देतात. ट्विटरला सेल लावू नकोस, तो नाजूक आहे.

४६. वाटणी बरोबर झाली का हे ट्विटर मुद्दाम उलटा जोडून बघ — वाटणीच्या सुरावर आवाजात खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा पडला, तर सरळ जोडल्यावर दोघं एकत्र चालतात. लिंकविट्झ आणि रायली यांची १९७६ ची जी वाटणी पुष्कळ स्पीकरांत असते, ती याच खड्ड्यावरून ओळखतात.

४७. मोजायला विनआयएसडी, व्हिट्युइक्सकॅड आणि आरईडब्ल्यू ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर पुरतात, पैसे फक्त मोजणीच्या मायक्रोफोनवर घाल — फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, खालच्या सुरांबद्दल तो थापा मारतो.

४८. वूफरची खालची मोजणी कोनपासून सेंटीमीटरभरावर माइक धरून घे आणि वरची गच्चीवर, रात्री, रहदारी निवल्यावर — खोलीत घेतलेल्या मोजणीत पेटी किती आणि भिंती किती ते कळत नाही. वॉचमनला आधी सांगून ठेव.

४९. महागडी केबल विकणाऱ्याला नमस्कार कर आणि घरगुती वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घे — पाच मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास, तो कानाला कळत नाही.

५०. छोटा अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळू नकोस — आवाज कापला जायला लागला की आधी ट्विटर जळतो, आणि दुकानदार म्हणतो, 'जास्त पॉवर दिलीत.'

५१. पुढच्या कापडाला फुंकर मारून बघ, हात पलीकडे धरून — वारा लागला तर ट्विटरही पार होईल. पडद्याचं उरलेलं कापड आईने दिलं तरी घ्यायचं नाही.

५२. माझगावच्या जुन्या इमारतींत लाकडी तुळयांवर फळ्या असतात, तिथे लोखंडी टोकदार पाय लावू नकोस, जाड रबर किंवा दुहेरी चटई घाल — टोकांनी फळी ढोलकीच्या पानासारखी वाजते आणि खालच्या काकूंच्या फोडणीत तुझा तबला पडतो.

५३. तळाला पेटीपेक्षा दोन्ही बाजूंनी निदान ५ सेंटीमीटर रुंद पाट लाव — घरात रांगणारं पोर आलं की ते पहिल्यांदा उभं राहायला स्पीकरच धरतं.

५४. ऐकून निवाडा करायच्या आधी एखादी मैफल समोर बसून ऐकून ये, जमलं तर माइकशिवायची — दादर-माटुंगा कल्चरल सेंटरला जा किंवा कुणाच्या घरची बैठक गाठ. तंबोरा समोरून ऐकलेला नसेल तर पेटीतून बरोबर येतोय की नाही हे कान ठरवणार कशावरून?

५५. रात्री जमवलेला आवाज पक्का धरू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी आल्यावर, घर जागं असताना ऐक — ज्या गोंगाटात रोज ऐकणार त्यातच तो पारखायला हवा.

५६. कंडेन्सरचे मायक्रोफॅरड, कॉइलींची मापं, नळीची लांबी आणि तारांचे रंग एका कागदावर लिहून मागच्या फळीच्या आतून चिकटव — पंधरा वर्षांनी पेटी उघडणारा बहुधा तूच असशील, आणि तुला काहीही आठवणार नाही.

५७. गणपती झाले की, पाऊस ओसरल्यावर, स्क्रू एकदा हाताने तपास, पण पिळू नकोस — ओलीने फुगलेला प्लाय सुकला की ते सैल होतात. आणि पावसाळाभर पेट्यांवर चादर टाकून ठेवू नकोस, रोज थोडं वाजव.

पहिली पेटी वाजली की दुसरीची फळी चिकटवण्याआधी मला बोलाव, पहिलीतलं जे खटकेल ते दुसरीत दुरुस्त करता येईल. मल्टिमीटर विकत घेऊ नकोस. आमचा कपाटाच्या वरच्या खणात आहे, शनिवारी येऊन घेऊन जा आणि काम झालं की परत आणून दे.